छातीवरचा खिसा

अमरचंद शहाद्याची बस गाठायला घराबाहेर पडले, आणि बऱ्याच वेळाने जतनबाईंची नजर दारामागच्या खुंटीवर गेली. कमरेला बांधायची कापडी पिशवी तिथेच लटकत होती. म्हणजे मोबाइल पुन्हा सदऱ्याच्या डाव्या खिशात.



होळीच्या आधी सुरतेला अमरचंदांच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, पेसमेकर बसवला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "मोबाइल या यंत्रापासून वीतभर लांब ठेवायचा. बोलायचं ते उजव्या कानाने. छातीवरच्या खिशात तर नकोच." अमरचंदांनी तेव्हा मान डोलावली. पण तळोद्याच्या कापड दुकानात उभा जन्म गेलेला. हात आपसूक त्या खिशाकडेच जायचा.

जतनबाईंनी फोन उचलला. बोट नवऱ्याच्या नावापर्यंत गेलं आणि थबकलं. आपण फोन केला तर तो त्या यंत्रावरच थरथरणार. सावध करायला जावं आणि आपल्याच हाताने... पुढचं त्यांना मनातही आणवेना.

त्यांनी सुरतेच्या दवाखान्यात लावून पाहिला. डॉक्टर तपासणीत होते. मागून बोलतील, असं तिथल्या माणसाने सांगितलं. शहाद्याच्या ज्या व्यापाऱ्याकडे अमरचंद निघाले होते, तो म्हणाला, "अजून पोचले नाहीत, भाभी. त्यांनाच लावा ना."

"नको," जतनबाई घाईने म्हणाल्या. "तुम्हीही लावू नका."

घराला कुलूप घालून त्या नाक्यावर आल्या. ओळखीचा ईश्वर शहाद्याच्या प्रवाशांनी जीप भरत होता. त्यांचा चेहरा बघूनच त्याने विचारलं, "काय व्हयनं, काकी?"

त्यांनी सांगितलं. ईश्वरने पुढची सीट मोकळी करवली. "बसा. काकाले काहीच व्हवाव नही," त्याने धीर दिला.

वाटेत दोन्हीकडे केळीची शेतं पळत होती. मागच्या सीटवर कुणाचा तरी फोन वाजला की जतनबाई दचकत. समोर एखादी एसटी दिसली की ती मध्येच थांबलेली तर नाही ना, हे त्या आधी बघत.

शहाद्याच्या स्टँडवर अमरचंद बाकावर बसले होते. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम, डाव्या खिशात मोबाइल. जतनबाईंना पाहून ते गोंधळले. "तू इथे कशी?"

जतनबाईंनी आधी खिशात हात घातला, मोबाइल काढला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"जरा गरगरलं उतरताना," ते म्हणाले. "ऊन लागलं असेल."

"ऊन की हा मोबाइल, कुणाला ठाऊक? इतकं सांगूनही तिथेच का ठेवता?"

 ते हळूच म्हणाले, "ऐकू कमी येतं मला आताशा. कमरेला बांधला की वाजलेला कळत नाही. इथे थरथरला की कळतं, तुझा आहे."

 जतनबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. सगळं ऐकून ते म्हणाले, "एका फोनने यंत्र बंद पडत नाही, एवढं घाबरू नका. मोबाइल अगदी जवळ असला तर कधी यंत्राचं काम गडबडू शकतं, लांब केला की पूर्ववत होतं. म्हणून अंतर पाळायचं. पण गरगरलं आहे ना, तर उद्या दाखवायला या."

दुसऱ्या दिवशी सुरतेला तपासणी झाली. यंत्र नीट चाललं होतं. चक्कर उन्हाची आणि उपाशीपोटी प्रवासाची, असं डॉक्टरांचं मत पडलं.

आता अमरचंद न विसरता पिशवी बांधतात. जतनबाई दुपारी ते दुकानात असताना त्यांना फोन लावतात; तो वाजत राहतो, बंद होतो. कळला नसेल, त्या स्वतःला समजावतात. आणि त्यांचा उलट फोन येईपर्यंत हातातलं काम तसंच ठेवून बसून राहतात.