मार्गशीर्षातलं वऱ्हाड कार्तिकात

लग्न ठरलेल्या मुलीने निदान देवळात तरी गंभीर राहावं, असं माझे बाबा दिवसातून चार वेळा म्हणायचे आणि मी चारही वेळा हसायचे. माझा इलाज नव्हता. दूध उतू गेलं तरी हसू, कावळ्याने नैवेद्याचा भात पळवला तरी हसू. पहाटे चारला विहिरीचं गार पाणी अंगावर घेताना दात वाजायचे, तेव्हाही त्या वाजणाऱ्या दातांतून मी हसतच असायचे.

आमचं घर गुरवाचं. पूर्णगडाजवळच्या आमच्या गावात विठ्ठलाचं देऊळ आहे, त्याची पूजा बाबांकडे, आणि आई गेल्यापासून काकडे वळायचं काम माझ्याकडे. काकडा म्हणजे जुन्या धोतराच्या चिंध्यांना पीळ देऊन केलेली जाड वात. ती तेलात भिजवायची, पेटवायची आणि तिने ओवाळून देवाला जागं करायचं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे एक. मी सगळे काकडे आधीच वळून टोपलीत ठेवले होते आणि त्यांच्यावरच दिवस मोजत होते. काकडे संपले की पुढे पंचवीस दिवस, मग मार्गशीर्ष शुद्ध दशमी, मग माझं लग्न, मग मी बुरोंडीला. नवऱ्याला मी पाहिलं नव्हतं. लवू नाव, तोही गुरवाचाच, सनई चांगली वाजवतो, एवढंच ठाऊक होतं. एवढ्यावर मी सात महिने हसत होते.

ही गोष्ट शके अठराशे अठ्ठावन्नची. त्या काळी आमच्या जिल्ह्यात दोन पंचांगं चालायची, एक जुनं आणि एक नवं. बहुतेक वर्षी दोघांचं जमायचं. अधिक महिना कुठला धरायचा यावर मात्र बिनसलं, की जुन्यावाले महिनाभर मागे आणि नव्यावाले महिनाभर पुढे. त्या साली आमच्या जुन्या पंचांगाने भाद्रपद दोनदा दिला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त बुरोंडीला नवं पंचांग चालतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. लग्न वैशाखात ठरलं. दोन्हीकडच्या जोशांनी आपापल्या पंचांगात मार्गशीर्ष शुद्ध दशमी पाहून माना डोलावल्या. पुढे दोन पत्रं आली-गेली, त्यांतही तिथीच लिहिलेली. इतकं नीट ठरलेलं लग्न आमच्या गावात कधी झालं नसेल.

कार्तिक शुद्ध दशमीची पहाट होती. चंद्र मावळला होता. देवळात दहा-बारा भजनी जांभया देत टाळ वाजवत होते, बाबा गाभाऱ्यात होते, आणि मी अंगणात काकडा पेटवत होते, कारण तेल गळतं म्हणून बाबा तो आत पेटवू देत नसत. एवढ्यात समुद्राकडून सनई ऐकू आली. एकटी सनई, ढोल नाही, काही नाही, पण सूर असा की जांभया देणारे भजनीसुद्धा गप्प झाले.

"कोण मेला सनई वाजवतोय या वेळेला?" बाबा आतून ओरडले. "देव उठायचा हाय अजून."

सनई देवळाच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबली. मागे वीसेक माणसं, डोक्यावर ट्रंका, हातात कंदील, सगळ्यांची धोतरं आणि लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. पुढे एक ठसठशीत बाई होत्या. त्यांनी देवळातल्या समया पाहिल्या, टाळकऱ्यांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पेटत्या काकड्याकडे पाहिलं आणि मागे वळून त्या समाधानाने म्हणाल्या, "बघा गो, नसती काळजी करत होतात. अख्खा गाव उजेड घेऊन उभा हाय आपल्यासाठी."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अशी काय बघतंस? ओवाळ की नवऱ्याला. किती वेळ उभा ऱ्हाणार तो?"

नवरा समोरच होता. मुंडावळ्या एका कानावर सरकलेल्या आणि हातात सनई. आपल्याच वरातीत सनई वाजवणारा नवरा मी जन्मात पाहिला नव्हता. मागाहून कळलं, की त्यांचा सनईवाला मचव्याच्या हेलकाव्यांनी ओकून ओकून आडवा झाला होता. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि घाबरत घाबरत हसला. कुणी हसलं की मला राहवत नाही. कुणाचा का नवरा असेना, दिसायला चांगला होता. मी हसले आणि हातातला काकडा त्याच्याभोवती तीनदा ओवाळला.

"मालन, काकडा कुठाय?" आतून बाबांची हाक आली.

त्या बाई दचकल्या. "मालन? आत्माराम गुरवाची मालन ती तूच? गो बाय, तुमच्यात नवरीच नवऱ्याला ओवाळते?"

मला आधी काहीच कळलं नाही आणि मग एकदम सगळंच कळलं. हा लवू. या त्याच्या आत्या, सावित्रीबाई, आईवेगळ्या लवूला ज्यांनी वाढवलं त्या. मी काकडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. इतका आनंद झाला होता की लाजायचंसुद्धा सुचेना.

आनंद झालेली मी एकटीच होते. बाबा बाहेर आले आणि काय प्रकार आहे हे कळल्यावर पायरीवर ठाण मांडून बसले.

"आज मार्गशीर्ष शुद्ध दशमी," सावित्रीबाई म्हणाल्या. "ठरल्या दिवशी आलोत आमी."

"आज कार्तिक शुद्ध दशमी," बाबा म्हणाले. "देव उद्या उठायचा. तुळशीचं लगीन परवा. त्याच्या आधी लग्नाचं नावसुद्धा कुणी काढत नाय. तुमी महिन्यानं या."

"महिन्यानं आमचा पौष लागतो. पौषात कोण लगीन लावतो?"

"मग त्याच्या पुढल्या महिन्यात."

"तेव्हा तुमचा पौष." बाईंचा हिशेब चोख होता. "आणि ऐकून ठेवा व्याही. मुंडावळ्या बांधून निघालेला पोरगा लग्नाविना परत नेला, की ते स्थळ आमच्यात मोडलं म्हणतात. पुन्हा त्या दारात कुणी येत नाय. आज नाय, तर कधीच नाय."

"मीच देवाचा गुरव, आणि माझ्याच पोरीचं लगीन देव झोपलेला असताना लावू? मग गावाला कुठल्या तोंडानं सांगू तिथी पाळा म्हणून?"

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच मला भीती वाटली. चुकणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. माझ्या हसण्याला पहिल्यांदाच खीळ बसली. पाच मिनिटांपूर्वी हा मुलगा माझा नव्हता, आता तो माझा होता, आणि आणखी पाच मिनिटांनी तो पुन्हा मचव्यात बसणार होता.

त्यांना मचव्यातून घेऊन आलेले तांडेल गुलाम रसूल अंगणाबाहेर उभे होते. ते खाकरून म्हणाले, "आज माझा नववा रोजा. तुमची दोघांची दशमी. चंद्र तर तिघांचाही जुळतोय, महिन्याला नाव काय द्यायचं ते तुमी ठरवा. मला एवढंच सांगा, मचवा वर ओढू की परत काढू? ओहोटी लागायच्या आत सांगा, ती काय कुणासाठी थांबणार नाय."

"काढा परत," सावित्रीबाई म्हणाल्या.

तेव्हा लवू पहिल्यांदा बोलला. "आत्या, आधी आरती तरी होऊ दे. आपल्यापायी देव ताटकळलाय."

मी अडीअडचणीला म्हणून वेगळा ठेवलेला जास्तीचा काकडा काढून पेटवला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. लवूने सनई ओठांना लावली. बुरोंडीला काकड आरती महिन्यापूर्वीच आटोपली होती, देव उठून कामाला लागला होता, तरी या पोराने आमच्या झोपलेल्या देवासाठी अशी भूपाळी वाजवली की मला वाटलं, विठ्ठल एकादशीची वाट न बघता आजच उठून बसेल. सावित्रीबाईंनीही सवयीने टाळ्यांचा ठेका धरला. मी मात्र देवाकडे बघत नव्हते. टोपलीकडे बघत होते. तिच्यात पाच काकडे उरले होते.

आरती संपली तशी मी टोपली उचलून सभामंडपाच्या मधोमध ठेवली. मोठ्यांच्या मधे बोलायची रीत नव्हती, पण रीत पाळत बसले असते तर मचवा गेला असता.

"हा उद्याचा, एकादशीचा," मी एक काकडा काढून खाली ठेवला. "देव उठला. हा परवाचा. तुळशीचं लगीन लागलं. हा तेरवाचा, त्रयोदशीचा. त्या दिवशी आमच्यात लग्नं मोकळी, आणि यांचा मार्गशीर्ष तर अमावास्येपर्यंत हाय. दोघांचंही चालतं असे दिवस तेवढेच. तीन दिवस थांबा म्हणजे झालं."

"आणि मुहूर्त?" बाबांनी विचारलं.

"गोरज. गुरं घरी येतात त्या वेळेला कुठलाच जोशी नाय म्हणत नाय. तुळस दर वर्षी त्याच वेळेला लग्न लावून घेते की. तिचाच मांडव वापरू, ऊस बांधलेलेच असतील."

भजन्यांमधला कुणीतरी हसला. सावित्रीबाईंनी काकडे मोजले, मग बोटांवर मोजले, आणि लवूला म्हणाल्या, "पोरगी तुझ्यापेक्षा हुशार हाय रे." ते सगळ्यांना पटलं. लवूला तर फारच पटलं. फक्त बाबा उठले आणि देवळामागे विहिरीकडे गेले.

मी मागोमाग गेले. ते रहाटाला धरून उभे होते.

"बाबा, काय चुकलं माझं?"

"कायपण नाय." त्यांनी रहाटाचा दोर सारखा केला. "हिशेब बरोबर हाय तुझा. पण मी समजून होतो, अजून महिना हाय. रोज काकडा ओवाळताना म्हणायचो, अजून महिना हाय पोर घरात. आणि ही माणसं कंदील घेऊन उभी राहिली."

माझा आनंद मला तेव्हा इतका वाईट वाटला, की तो कुठे लपवावा कळेना. मी काकडे मोजून लग्नाकडे धावत होते, आणि तेच काकडे मोजून हा माणूस मला धरून ठेवत होता. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आणि खरं सांगते, रडता रडता देवळातून सनईचा एक चुकार सूर आला, तर मला पुन्हा हसू फुटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तांडेलांना हाक मारली. "मचवा वर ओढा."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. घरात तांदूळ कांडलेले नव्हते, पापड वाळलेले नव्हते, माझी लग्नाची साडी अजून रत्नागिरीच्या दुकानात होती. सगळा गाव कांडायला बसला. वऱ्हाड देवळाच्या ओवरीत उतरलं आणि पहाटे चारला बाबांनी घंटा वाजवली, की बिचारे मुकाट उठून काकड आरतीला बसायचे. एकाच वर्षात देवाला दोनदा उठवावं लागल्याची तक्रार सावित्रीबाईंनी प्रत्यक्ष विठ्ठलाकडे केली. एकादशीला देव उठला. द्वादशीला तुळशीचं लग्न लागलं. त्रयोदशीला त्याच उसांखाली, शेजारच्या मथुराकाकीच्या उसन्या शालूत, माझं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघंही इतके हसत होतो, की भटजींनी मंगलाष्टक मधेच थांबवून आम्हाला दम दिला.

उरलेले दोन काकडे पेटवून, पौर्णिमा करूनच आम्ही निघालो. तेवढं थांबणं लवूनेच मागून घेतलं होतं. मचवा खाडीतून बाहेर पडला तेव्हा बाबा किनाऱ्यावर रिकामी टोपली घेऊन उभे होते. ती ते कशाला घेऊन आले होते कोण जाणे.

बुरोंडीत पौष लागला. एके दिवशी पहाटे मी अंगणात सडा घालत होते. फाटकापाशी खोकल्याचा आवाज झाला. पाहते तर बाबा. डोक्याला जरीचा रुमाल, नवा कोट, हातात गाठोडं. मागे तांडेल गुलाम रसूल फणसाएवढी करंडी सांभाळत उभे होते. माझ्या हातातलं शेण तसंच राहिलं. मग मी मनातल्या मनात मोजलं. आमच्या जुन्या पंचांगाने आज मार्गशीर्ष शुद्ध दशमी होती.

सावित्रीबाई बाहेर आल्या. त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या व्याही. लगीन होऊन महिना झाला. उशीर केलात."

"छ्या, वेळेवर आलोय," बाबा म्हणाले. "माझ्या पोरीचं लगीन आज हाय."

सावित्रीबाईंनी आत जाऊन लवूला झोपेतून उठवून आणलं आणि पाटावर बसवलं. बाबांनी गाठोडं सोडलं. वर माझी रत्नागिरीची साडी होती, आणि तिच्या घडीत एक काकडा. त्यांनी स्वतः वळलेला, एका बाजूला फुगलेला, पीळ मधेच सुटलेला. असा काकडा मी वळला असता तर त्यांनी मला पुन्हा वळायला लावला असता.

"त्या दिवशी ओवाळलास तो देवाचा होता," ते म्हणाले. "हा तुझ्या नवऱ्याचा."

मी शेणाचे हात धुतले, काकडा पेटवला आणि भर पौषात माझ्या नवऱ्याला ओवाळलं. तेल अंगणभर गळलं. बाबांनी ते खुशाल गळू दिलं.