बाईंनी हात लावलाच नव्हता

कांताबाईवर माझा पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता. अण्णासाहेबांच्या अंबडच्या बियाणे कारखान्यात मका वाळवायची भट्टी ती हातानं सांभाळायची. २००१ साली मी जालन्याहून येऊन भट्टीची आच कॉम्प्युटरच्या ताब्यात दिली, तेव्हापासून बाई माझ्याशी धड बोलेना. दर पंधरा मिनिटांनी ओलाव्याचा आकडा टाइप करायची, तोही नाक मुरडून.

खंडेनवमीला घोटाळा झाला. सकाळी भट्टी सुरू करून अण्णासाहेबांनी यंत्रांची पूजा केली, की-बोर्डावर हळदकुंकू वाहिलं आणि आज कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दुपारी पाहतात तर भट्टी बेफाम तापलेली, बियाणं करपलेलं. कॉम्प्युटरमधली नोंद सव्वानवानंतर गायब!

"बाईनंच बंद केला," मी छातीठोक सांगितलं.

"देवाशपथ, म्या हात बी लावला न्हाई!"

"मग काय भुतानं लावला?"

अण्णासाहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हटलं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर. मला ते ठाऊक होतं, पण माझा संशय काही हटेना.

दुसऱ्या दिवशी, बाईनं हे केलं तरी कसं ते शोधायला मी रिकामी भट्टी लावून हातावर हात धरून बसलो. अर्ध्या तासानं पडदा आपोआप काळा झाला.

बराच वेळ कुणी हात लावला नाही की कॉम्प्युटर झोपायला निघतो. आधी तो प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे एकेक यंत्र सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, निरोप धाडतो: झोपू का? भट्टीचा ड्रायव्हर माझा. 'नाही' म्हणायचं तर भट्टी चालू आहे का ते तपासावं लागतं. 'हो' म्हणायला एक ओळ पुरते. आळसानं मी तीच लिहिली होती. रोज बाईचा हात चालायचा, म्हणून माझं पाप झाकलं गेलं होतं.

मी अण्णासाहेबांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी बाईला बोलावणं धाडलं. ती आली, पण दारातच थांबली.

"येते मी कामावर. पण ह्या साहेबांनी मशीनला हात लावला की मी मागं उभी राहणार. माझा ह्यांच्यावर बिलकुल भरवसा न्हाई."

मला राग यायला हवा होता. लाजच वाटली.

मी ड्रायव्हर दुरुस्त करायला बसलो. बाई पाठीशी उभी.

"काय लिवून राह्यले? वाचा."

"त्यानं विचारलं, झोपू का, तर भट्टी चालू असताना सांगायचं, नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग एवढं लिवायचं सोडून मलाच चोर ठरवलं व्हय?"