रुपीबाईचे तीन टाके

पोट न फाडता पोटात शिरावं, आतली गाठ उचलावी आणि दार ओढून घेऊन परत यावं, ही विद्या ज्या दिवशी माणसाला साधली त्या दिवशी वेदनेचं राज्य कायमचं संपलं. फुलसावंगीजवळच्या धावजी नायकाच्या तांड्यावर हे कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

तांड्याची रीत जुनी आणि सरळ. ऑपरेशन झालेल्या बाईचे टाके मोजायचे, दर टाक्याला तीन दिवस आराम द्यायचा. तुळसाबाईला वीस वर्षांपूर्वी चौदा टाके पडले होते. बेचाळीस दिवस ती बाजेवरून उतरली नव्हती. हा विक्रम अजून कुणी मोडला नव्हता आणि कुणी मोडू नये याकडे तिचं बारीक लक्ष असे.

तर अशा तुळसाबाईची सून रुपीबाई यवतमाळहून आली ती तीन टाके घेऊन. अंडाशयावर संत्र्याएवढी गाठ होती, ती डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढली. पोटावर तीन भोकं, त्यांवर तीन पट्ट्या. महिनाभर ओझं उचलायचं नाही, पोटाला काही बांधायचं नाही, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, देवसिंगला, दोनदा बजावलं. आणि कापूस वेचायचा म्हणजे तो टाकायला पोटावरच फडक्याची ओटी बांधायची. ती भरत जाते तशी बाई वाकत जाते.

तुळसाबाईनं दार लोटलं, पट्टीची कड उचलून पाहिली.

"हे काय व?"

"ऑपरेशन, याडी," रुपीबाई सासूला म्हणाली.

"हे? बोरीच्या काट्यानं याहून मोठं भोक पडते." तिनं पट्टी परत चिकटवली. "तीन टाके. तीन त्रिक नऊ. दहाव्या दिवशी वावरात."

"डाक्टरनं महिना सांगतला."

"डाक्टरची पऱ्हाटी फुटून राह्यली का?"

कपाशी फुटली होती हे खरं. शिवार पांढरंफेक झालं होतं आणि भाव असा पडला होता, की बाहेरची बाई वेचणीला लावायची सोय नव्हती. त्यातून रुपीबाई म्हणजे दोन हातांत चार बायांची वेचणी. तिच्या दुखण्यानं साऱ्या घराचंच कंबरडं मोडलं होतं.

आठव्या दिवशी रुपीबाई देवसिंगला म्हणाली, "खाली वाकलं का आतून ओढते. मले भ्याव वाटते. बाहेरून दिसत नाई, त्याले मी काय करू?"

देवसिंग भला माणूस. त्यानं मान हलवली आणि वावरात निघून गेला. अवघड प्रश्न पडला, की तो वावरातच जायचा.

तिथं फुलसावंगीचा मुख्तार, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला, दुरुस्त झालेला रेडिओ घेऊन त्याची वाट पाहत होता. त्याचं लक्ष ज्वारीकडे गेलं. पाखरं यायला नकोत म्हणून देवसिंगनं काठीला एक चकचकीत सीडी टांगली होती. मुख्तारनं ती फिरवून पाहिली.

"देवसिंगभाऊ, हे कुठून आणली?"

"दवाखान्यातून. औषधाच्या पिशवीत होती."

"यावर भाभीचं नाव आहे. आपरेशनचं शूटिंग आहे हे. तुमी चिमण्यांले दाखवून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी बाराला लाइट आली, तेव्हा तांड्याचे निवाडे करणाऱ्या धावजी नायकाच्या अंगणात मुख्तारनं टीव्ही आणि सीडी प्लेअर मांडला होता. एका बाईला वेचणीला पाठवायचं की नाही, हे ठरवायला सारा तांडा वेचणी सोडून जमला.

"माह्यं तोंड दिसते का त्याच्यात?" रुपीबाईनं आधीच विचारलं.

"नाई भाभी. फकत आतलं."

"मंग लाव. आतून कोन ओयखते."

पडदा गुलाबी झाला. धावजी नायकानं धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. मागून तांड्यातल्या किसनसिंगनं शंका काढली, "हे दुसरीचं पोट नसन कशावरून?"

"माह्या सुनेचंच आहे," तुळसाबाई म्हणाली. "पाह्यना, आत बी कसं आवरून ठेवलं." आणि आपण काय बोललो ते कळून तिनं खाकरून घेतलं.

गाठ दिसली तशी बाया पुढं सरकल्या. पांढरी, गोल, टम्म.

"बोंडच आहे बाप्पा," धावजी म्हणाला. "फवारा मारूनही नसतं पडलं."

मग चिमटे आले. एक धरी, एक ओढी, तिसरा मधून कातरी. पहिल्या चिमट्याला तुळसाबाईचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला. दहाव्याला ती उठून सुनेजवळ जाऊन बसली.

"हे सारं तुह्या आत झालं?"

"हो."

"अन् तू बोलली काऊन नाई?"

"नऊ दिवस तेच तं बोलून राह्यली."

तुळसाबाई नायकाकडे वळली. "नायक, बाहेरचे टाके मोजाची रीत याले चालत नाई. आतले चिमटे मोजा."

धावजीनं विचार केला. "चिमट्याले एक दिवस," त्यानं निकाल दिला.

मुख्तारनं सीडी पहिल्यापासून लावली आणि मोजणी सुरू झाली. सारा तांडा एका सुरात मोजत होता. गाठीतलं पाणी निघालं तेव्हा सव्वीस झाले, रिकामी गाठ पिशवीत गेली तेव्हा पस्तीस. किसनसिंगनं बोटं संपली म्हणून शेजाऱ्याची धरली. एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.

"बंद कर," तुळसाबाई म्हणाली.

"मावशी, अजून आहे थोडं," मुख्तार म्हणाला.

"लाइटीचं काय सांगता येते? बंद कर."

एकेचाळीस दिवस ठरले. कुणी हसलं नाही. तुळसाबाईकडे पाहून हसायची रीत तांड्यात नव्हती. तिनं सुनेला हाताला धरून घरी नेलं, बाजेवर गोधडी अंथरली, उशाला तांब्या ठेवला, पायांवर पांघरूण घातलं.

"आता हलू नको. पानी मी देईन, भाकर मी देईन. तुह्या अंगाले कोनी बोट लावलं तं माह्याशी गाठ आहे."

रुपीबाईचे डोळे भरून आले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. इतकं गोड ती पहिल्यांदाच ऐकत होती.

तुळसाबाई बाहेर गेली आणि कापसाचं एक गाठोडं आणून बाजेच्या कडेला अलगद टेकवलं.

"पडल्यापडल्या यातला काडीकचरा तेवढा निवडशीन का, बाई?"