हिरवा बाण

लॅबमधला तो मायक्रोस्कोप दोघांचा होता. एकच स्लाइड समोरासमोर बसून दोघांनी बघायची, आणि बोट दाखवता येत नाही म्हणून आतला हिरवा बाण फिरवायचा. डॉक्टरीणबाई आणि तिचा नवरा, दोघंही तपासायला आलेल्या गाठींचे तुकडे वाचणारे. त्यांचा निम्मा संसार त्या मायक्रोस्कोपवरच झाला. घरचं भांडण घरी, स्लाइडवरचं इथे. आणि खरं सांगायचं तर इथलं जास्त रंगायचं.

नवरा निवृत्त झाला आणि पुन्हा म्हणून फिरकला नाही. "रिकाम्या माणसाने लोकांच्या खुर्च्या उबवू नयेत," म्हणे. हट्टीपणात त्याचा हात कोण धरणार? तिने मात्र ती खुर्ची कुणाला बसायला दिली नाही, वर फायली रचून ठेवल्या. स्लाइड लावली की समोरून "घाई करू नकोस" ऐकू यावं, म्हणून तिचा जीव तुटायचा. घरी तो रोज भेटत होता, पण घरातला नवरा वेगळा आणि समोरच्या खुर्चीतला वेगळा.

आज फायली खाली ठेवल्या. तो आला होता, स्वतःची गाठ बघायला.

लघवीतून रक्त जातंय हे या शहाण्याने बरेच दिवस लपवलं होतं. मूत्राशयातली गाठ खरवडून काढली, तिच्या स्लाइड आज तयार झाल्या. घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण लिहायचा नाही, म्हणून तो लॅबमधला एक सहकारी लिहिणार होता. तो भला माणूस "जेवून येतो" म्हणून बाहेर गेला.

प्रश्न एकच होता. गाठ वरवर असेल तर मूत्राशय वाचणार. खालच्या जाड स्नायूत शिरली असेल तर ते काढावंच लागणार. अस्तराखालीही स्नायूचे बारीक धागे असतात. नवशिके त्यांनाच जाड स्नायू समजतात आणि उगाच घाबरवतात.

तिने आज नेमकी उलटी चूक केली.

"बारीक धागे आहेत," ती म्हणाली. "वरवरचंच आहे. अरे, बघ ना नीट."

बाण हलला. सावकाश खाली गेला आणि एका जाड जुडग्यावर थांबला. गाठीच्या पेशी त्यात आरपार घुसल्या होत्या.

"आणि हे?"

"काप तिरका गेला असेल, म्हणून जाड दिसतंय."

"या उत्तरावर तू विद्यार्थ्याला नापास केलं असतंस."

डोळे भरल्यामुळे तिला बाणही दिसेना.

"शिरलीय ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

बराच वेळ कुणी खुर्ची मागे सरकवली नाही.

"अजून आहे एखादी स्लाइड?"

सगळ्या बघून झाल्या होत्या. "आहे एक," ती म्हणाली. लावलेलीच स्लाइड तिने काढली, पुसली आणि परत लावली.

एकदा पाहिलेली स्लाइड तो जन्मात विसरत नसे.

"घाई करू नकोस," तो म्हणाला, आणि पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा बघायला लागला.