गार पाण्याचा धडा

त्या वर्षी सरकारनं खेड्यापाड्यांतल्या सुईणींना शिकवायला घेतलं होतं, आणि पेणच्या विमलबाई नर्सनी धडा बसवला तोही चोख. अंगठेबहाद्दर बायका, त्यांना फळ्यावरचं काय कळणार? म्हणून सगळं करून दाखवायचं ठरलं. गणपती घडवणाऱ्या हमरापूरहून मातीचं बाळ करून आणलं. पातेलं आणलं, पाणी आणलं, नाळ कापायचं ब्लेड आणलं. स्टो तेवढा आणला नाही. कोण ओढत नेणार ते धूड! पातेल्यात गार पाणी ओतून, त्यात ब्लेड टाकून विमलबाई म्हणायच्या, "उकळलं!" बायकाही म्हणायच्या, "उकळलं!"

रोह्याजवळच्या वाडीतली ठमी कातकरीण त्या वर्गात पहिली आली.

आणि त्याच ठमीनं आपल्या लेकीचं, जानीचं, बाळंतपण केलं, तर पोर आठव्या दिवशी धनुर्वातानं गेलं.

विमलबाई तणतणतच वाडीवर पोचल्या. एवढं घसा फोडून शिकवलं, तरी या बयेनं जुनंच केलं असणार! "काय केलंस ते दाखव," त्या दारातूनच म्हणाल्या.

ठमीनं पातेल्यात माठातलं पाणी ओतलं. ब्लेड टाकलं. "उकळलं," ती म्हणाली. मग उकळायचा वेळ भरावा म्हणून वर्गात शिकवल्यासारखी दहा बोटं वीस वेळा मोजली, ब्लेड काढून धुतलेल्या फडक्यावर ठेवलं. शेजारी चूल पेटलेली होती. तिच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"तू दावलंस तसंच केलं ना, बाय? मग माझं चुकलं कुठं?"

विमलबाई आत येऊन चुलीपाशी बसल्या. कागदावर ठमी पास होती. गप्प बसलं तर दोष ठमीच्याच माथी जाणार होता. तिला पुन्हा कुणी बाळंतपणाला बोलावलं नसतं. कोपऱ्यात जानी बसली होती, चोळी दुधानं भिजलेली. विमलबाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्या बाहेर आल्या. वाडीतल्या बायका जमल्या होत्याच. "ठमीचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "पाणी खरोखर उकळायचं असतं. मी कंटाळा केला, गार पाण्यातच दाखवलं. हे पोर माझ्यामुळं गेलं."

विमलबाईंनी मागोमाग आलेल्या ठमीकडे वळून हात जोडले. "पुढचा वर्ग चुलीपाशी घेईन. तू येशील शिकवायला?"

"जानीला इचार," ठमी म्हणाली. "पोर तिचं व्हतं."

पोर पुरल्यापासून जानीनं तोंड उघडलं नव्हतं. ती दारात आली, विमलबाईंकडे बघत राहिली.

"जा, आये," ती म्हणाली. "पण पयली हिला शिकव."