हिरवळ भरेपर्यंत

माळ्याने झोयशिया गवताचं नाव सुचवलं ते काही त्या गवताच्या प्रेमापोटी नव्हे. बाईसाहेबांना बंगल्यापुढे हिरवळ हवी होती, आणि ती भरेपर्यंत माळ्याने बायकोला घेऊन मागच्या खोलीत राहायचं, असं ठरलं होतं. हिरवळ भरली की खोली रिकामी. दुसरं गवत चार-सहा महिन्यांत जमीन झाकून टाकतं. झोयशिया मात्र जावयासारखं, आग्रह केल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याला दोन वर्षं लागतात, रुसलं तर तीन.

माळ्याला तीनही कमीच होती. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रावर शुद्ध करून घ्यावं लागे, आणि ते हॉस्पिटल खोलीपासून दोन गल्ल्यांवर होतं. तिथून परतताना माळी तिला वाटेत दोनदा बसवून आणी. याहून लांबचा पल्ला तिला झेपलाच नसता.

म्हणून वीतभर अंतरावर लावायचे ठोंब त्याने हातभर अंतरावर लावले. "दाटी केली की कुजतं," असं बाईसाहेबांना बिनदिक्कत सांगितलं. बाकी कामात कसूर नव्हती. फळीवर गुडघे टेकून त्याने एकेक ठोंब दाबला, रोज सकाळी पाणी दिलं, तण बोटांनी उपटलं. थंडीत सगळं पिवळं पडलं तेव्हा गवत मेलेलं नाही, झोपलंय, असं बाईसाहेबांना पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले.

दुसऱ्या वर्षी गवताने हातपाय पसरलेच. मग माळ्याने कात्री काढली. तण काढतोय असं दाखवत तो जमिनीवरून सरपटणाऱ्या कोवळ्या दांड्या तोडायचा आणि खोलीमागच्या कचऱ्यात टाकायचा. आपल्याच हाताने लावलेलं तोडताना त्याचा जीव तुटायचा. बायकोला त्याने ना खोलीच्या अटीचं अवाक्षर सांगितलं, ना कात्रीचं. तिला खोटं बोलता येत नसे, लगेच मान खाली जायची.

पण गवत ऐकेना. उजवीकडे विरळ करावं तर डावीकडे भरलेलं. माळ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तोही त्याने लपवला होता. बोटांनी चाचपून तो चरफडायचा. "मेल्या, तुला कसली घाई झालीय," असं गवताला म्हणायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात एके सकाळी बाईसाहेब चपला काढून हिरवळीवर उतरल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. तळव्यांना कुठे माती लागली नाही.

"भरली," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत खोली मोकळी करा. मला बागेतल्या खुर्च्या ठेवायच्यात."

माळ्याने वाकून गवत चाचपलं. "अजून वर्षभर लागेल, बाईसाहेब. मुळं धरली नाहीत."

"तुम्ही कात्री चालवली नसती तर गेल्या वर्षीच धरली असती." बाईसाहेबांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "वरच्या खिडकीतून सगळं दिसतं, माळीबुवा. तेव्हाच काढणार होते तुम्हाला. मग म्हटलं, नवा माणूस कुठे शोधत बसा. तुमच्या बायकोचा हात चांगला आहे."

माळ्याला काही उमगलं नाही. तो खोलीकडे गेला. बायको उंबऱ्यात बसली होती, चेहरा सुजलेला, पण खुशीत.

"सांगितलं ना बाईसाहेबांनी?" ती म्हणाली. "गवत भरलं नाही तर तुझ्या नवऱ्याचं काम जाईल, म्हणाल्या होत्या. तुम्ही बाजारात गेलात की मी कचऱ्यातल्या दांड्या घ्यायचे आणि मोकळी जागा दिसेल तिथे खोचायचे. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाल्या. वर्षभर पोटात ठेवलं हो मी. आता तर कोणी काढत नाही ना आपल्याला?"

तिच्या नखांत माती होती. माळ्याला तिचा भयंकर राग आला, आणि त्या रागाची तितकीच शरम वाटली.

"शनिवारी निघायचंय," तो म्हणाला. खरं कारण त्याच्या तोंडून फुटेना. "भरायला उशीर झाला म्हणतात."

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "हॉस्पिटलच्या दिवशी पडून राहायचे मी. त्या दिवशीही थोडं लावलं असतं तर झालं असतं वेळेत."

माळ्याने ते तसंच राहू दिलं.

शनिवारी त्याने एका हातात बोचकं घेतलं, दुसऱ्याने तिला धरलं. फाटक समोरच होतं, हिरवळीवरून वीस पावलं. माळी सरळ निघाला, तर तिने हात सोडवून घेतला.

"त्यावरून नको," ती म्हणाली. "अजून कोवळं आहे."

आणि ती कुंपणाच्या कडेकडेने, वाटेत दोनदा बसत, फाटकापर्यंत गेली.