चाकामांगचा दगड

तानाबाईनं नवऱ्याच्या खुर्चीच्या चाकामांगं दगड सारला अन् बबनराव चिडला.

"अवं, बिरेक हाय न तिले."

"बिरेकाचा काय भरोसा," म्हणून तिनं हात झटकले. चढावर बैलबंडी थांबली का चाकाले दगड लावाच, ही तिची जन्माची सवय.

बाभुळगावच्या एका संस्थेनं खुर्चीवाल्या लोकायची सहल तलावावर आणली होती. पाण्यावर चढत गेलेला लाकडी पूल, सारं चाकं जातीन असं केलेलं. फक्त कठड्याचा दांडा बसल्या माणसाच्या बरोब्बर डोयासमोर आलता. उभे असलेले लोकं बदकं पाहून हरखून राह्यलते. बबनरावले दिसे दांडा, अन् दांड्यावरची पाखराची शीट. खुर्ची सरकवा म्हणाचं त पुन्हा आवाज देणं आलं. झाडावरून पडून कमरेखालचं अंग गेलं, तवापासून आवाज देण्यातच दिवस जाय. अन् त्या आवाजाले धावणारं माणूस एकच.

संस्थेचा अनिमेष तानाबाईले म्हणाला, काकू, मी आहे इथं, तुम्ही फिरून या. ती घडीघडी मांगं पाहत गेली.

घसा कोरडा पडला. पाण्याची बाटली तिच्याच पिशवीत. बबनराव धुसफुसत वाकला अन् दांड्याखालच्या फटीतून तिले धुंडू लागला.

ती खाली काठावर बसली होती. लुगडं पोटरीवर, पाय पाण्यात. काही धूत नव्हती, काही निवडत नव्हती. हात नुसते मांडीवर पडलेले. त्या हातात ना भांडं, ना फडकं, ना त्याच्या गोळ्या. असे हात त्यानं कईच पाह्यले नव्हते. एक बगळा तिच्या जवळून चालत गेला. तिनं मान तेवढी वळवली.

आवाज पार गळ्यापर्यंत आलता. त्यानं तो गिळला.

तिकडं गाडीचा हॉर्न वाजला. अनिमेष आला, दगड काढाले वाकला.

"राहू दे, बाबू."

"निघायचंय काका. काकूंना हाक मारू?"

"हाक नोको मारू. आमच्या कास्तकारायत ज्यानं दगड लावला, त्यानंच काढा लागते. दुसऱ्यानं काढला त बंडी उलटते."

असा नेम खुद्द बबनरावनंबी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. पोरगा मात्र दगडापासून हात मांगं घेऊन उभा राह्यला.

"मग त्या येतील कधी?"

"येईन न ती," बबनराव म्हणाला, अन् हात खाली नेऊन त्यानं हळूच बिरेकबी लावून घेतला.